नेमलेला आकडा आणि हलती आच

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतील मराठी घरांच्या मागच्या अंगणात गॅसच्या किंवा कोळशाच्या ग्रिलच्या जोडीला आता लाकडाच्या भुशाच्या कांड्या जाळणारे पेलेट ग्रिलही दिसू लागले आहे. या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे त्याच्या तापमानाविषयी आहेत. ती एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे थोडी संक्षिप्त करून एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही गेल्या मे महिन्यात पेलेट ग्रिल घेतले. दही, आले-लसूण आणि घरचा मसाला लावून रात्रभर मुरवलेल्या कोंबडीच्या तंगड्या त्यावर ठेवल्या आणि तापमान २२५ अंश फॅरनहाइटवर नेमले. पण पडद्यावरचा आकडा काही केल्या एका जागी थांबेना. तासभर दर पाच मिनिटांनी केलेली नोंद अशी आहे : २२५, २३२, २४३, २४८, २३९, २२६, २१४, २०७, २०९, २१८, २२९, २३८. तंगड्या चांगल्या झाल्या, तरी मनातली शंका जात नाही. घरातला ओव्हन ३५० म्हटले की ३५० दाखवतो. मग आमचे ग्रिल सदोष समजावे का? परत करण्याची मुदत संपत आली आहे.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आपण पाठवलेल्या नोंदीतच आपले उत्तर आहे. त्या बारा आकड्यांची बेरीज २,७२८ होते आणि सरासरी २२७ च्या किंचित वर येते. म्हणजे नेमलेल्या आकड्याच्या वर आणि खाली साधारण वीस-वीस अंश हेलकावे घेत असले, तरी तासाभराच्या हिशेबात आपले ग्रिल नेमलेल्या तापमानापासून फार तर दोन-तीन अंशच दूर आहे. कृपया ते परत करू नये.

हेलकावे का येतात, हे समजण्यासाठी आत काय चालते ते पाहू. हॉपरमध्ये, म्हणजे कांड्या साठवण्याच्या पेटाऱ्यात, आपण ज्या कांड्या ओततो, त्या लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली एकजीव करून बनवलेल्या असतात. त्यांची जाडी सुमारे सहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पेन्सिलीइतकी असते. हॉपरच्या तळाशी ऑगर नावाचा मळसूत्रासारखा दांडा असतो. तो फिरला की थोड्या कांड्या पुढे सरकून फायरपॉट नावाच्या लोखंडी वाटीत पडतात, तेथे पंख्याच्या वाऱ्यावर जळतात, आणि वाटीवरच्या जाड पत्र्यामुळे जाळ थेट वर न येता गरम हवा आणि धूर सगळ्या पेटीभर पसरतात. प्लॅटिनमची तार असलेला एक संवेदक पेटीतल्या हवेचे तापमान मोजतो, आणि त्यावरून ऑगर कधी फिरवायचा हे कंट्रोलर ठरवतो.

गॅसची शेगडी लहान केली की ज्योत त्याच क्षणी लहान होते. लाकडाचे तसे नाही. आता वाटीत पडलेली कांडी आधी तापणार, मग धुमसणार, मग पेट घेणार आणि त्यानंतर तिची पूर्ण धग मिळणार. यात मिनिटभर किंवा त्याहून अधिक वेळ जातो. शिवाय धग निर्माण झाली तरी आधी लोखंड तापते, मग हवा तापते, आणि मग संवेदकाला त्याची खबर लागते. ज्यांच्या घरी अंघोळीच्या पाण्याचा बंब होता, त्यांना हे सांगावे लागणार नाही : पाणी कोमट वाटले म्हणून दोन ढलप्या जास्त सारल्या, तर पाणी तेव्हा तापत नाही, दहा मिनिटांनी अंगावर घेववणार नाही इतके कढत होते. कंट्रोलरही आकडा खाली गेलेला पाहून कांड्या टाकतो, त्या पेटेपर्यंत आकडा आणखी थोडा उतरतो, पेटल्यावर मात्र नेमलेल्या रेषेच्या वर जातो, आणि वाटीतला विस्तव ओसरेपर्यंत तो खाली येत नाही. आपल्या नोंदीतला २४८ ते २०७ हा प्रवास म्हणजे नेमके हेच.

या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. ओरेगन राज्यातील माउंट एंजल या गावच्या ज्यो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे ग्रिल तयार केले आणि १९८६ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्या पेटंटची मुदत २००६ मध्ये संपल्यावर इतर कंपन्या या धंद्यात उतरल्या. सुरुवातीच्या ग्रिलांवर अंशांचा आकडा नव्हता, धूर, मध्यम आणि प्रखर अशा तीनच खुणा होत्या. पुढे आलेल्या एका प्रचलित कंट्रोलरमध्ये ऑगर १५ सेकंद फिरे आणि मग ठरावीक काळ थांबे. ‘पी-२’ या सेटिंगला तो विराम ६५ सेकंदांचा असे, आणि पी चा आकडा एकाने वाढवला की विराम दहा सेकंदांनी वाढे. अशा यंत्रात हेलकावा हा बिघाड नव्हे, ती त्याची चालच आहे. अलीकडच्या बऱ्याच ग्रिलांत ‘पीआयडी’ पद्धतीचा कंट्रोलर असतो. नेमलेल्या आकड्यापासून आपण किती दूर आहोत, किती वेळ दूर आहोत आणि किती वेगाने जवळ येत आहोत, या तिन्हींचा विचार करून तो थोड्या-थोड्या कांड्या टाकतो, म्हणून त्याचा हेलकावा साधारण पाच-दहा अंशांत राहतो. आपले ग्रिल, नोंदीवरून पाहता, जुन्या चालीचे असावे.

ओव्हनबद्दल आपण लिहिले, त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांची शंका तेथूनच येते. घरातल्या विजेच्या ओव्हनची कॉइलही चालू-बंद होत असते, आणि वीस-पंचवीस अंशांचा चढउतार त्यातही सर्रास होतो. फरक इतकाच की ओव्हन आपल्याला आपणच नेमलेला आकडा दाखवत बसतो आणि ग्रिल प्रत्यक्ष मोजलेला आकडा दाखवते. ज्याने खरे सांगितले त्याच्यावर संशय आणि ज्याने सांगितलेच नाही त्याच्यावर विश्वास, असे होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता पदार्थाच्या बाजूने पाहू. हवेचे तापमान पंचवीस अंशांनी वरखाली झाले, तरी मांसाचा पृष्ठभाग तितका वरखाली होत नाही, कारण ओला असेतोवर त्यावरचे पाणी वाफ होऊन सतत उष्णता काढून घेत असते. जो थोडाफार चढउतार पृष्ठभागाला जाणवतो, तो आत झिरपताना इतका विरतो की दोन-तीन सेंटिमीटर खोल जाईपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. जाड तुकड्याच्या गाभ्याला केवळ सरासरी कळते. म्हणून पेटीच्या तापमानावर डोळे लावून बसण्यापेक्षा टोकदार थर्मामीटर तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. कोंबडीसाठी १६५ अंश, म्हणजे ७४ अंश सेल्सिअस, ही अमेरिकी कृषी खात्याने सांगितलेली सुरक्षिततेची किमान मर्यादा आहे; तंगडीचे मांस मात्र १७५ ते १८५ पर्यंत जाऊ दिले तर त्यातले चिवट धागे विरघळून ते अधिक मऊ लागते.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात यावी अशी इच्छा आहे. कांडी पेटण्याआधी जी धुमसते, त्याच काळात ती सर्वाधिक धूर देते. हेलकावे जितके कमी, तितका बऱ्याचदा धूरही कमी. म्हणून कित्येक जाणकार अजूनही जुन्या चालीचे ग्रिल मुद्दाम जपून ठेवतात. आपल्या तंगड्या चांगल्या झाल्या असे आपण लिहिलेच आहे, आणि त्यात या हेलकाव्यांचा वाटा आहे.

प्रश्न : संपादक महोदय, जानेवारीत बाहेर शून्याखाली दहा अंश फॅरनहाइट आणि वारा असताना मी पोर्क शोल्डर २२५ वर लावले. दोन तास ठीक गेले. नंतर आकडा घसरत-घसरत १४० वर आला. हॉपर तर अर्ध्याहून अधिक भरलेले दिसत होते. काय करावे या विचारात असतानाच झाकणाच्या कडांतून दाट, पिवळट पांढरा धूर येऊ लागला आणि पाहता-पाहता आकडा ४२० वर गेला. सुदैवाने इजा झाली नाही. थंडीत असे होतेच, असे एका मित्राने सांगितले. ते खरे आहे का?
— एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : नाही, हे खरे नाही, आणि आपण सुखरूप आहात याचा फार आनंद वाटला. एडिसनच्या वाचकांचा हेलकावा आणि आपला हेलकावा यांत नुसता अंशांचा फरक नाही. त्यांची आच जिवंत होती आणि वरखाली होत होती. आपली आच मध्येच विझली होती.

कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात पेटी उष्णता लवकर गमावते, त्यामुळे कांड्या अधिक लागतात आणि हेलकावाही मोठा होतो, येथवर आपल्या मित्राचे बरोबर आहे. पण थंडी स्वतःहून चांगली पेटलेली आच सहसा विझवत नाही. बहुतेक वेळा फायरपॉटमध्ये साचलेली राख वाऱ्याची भोके बुजवते, किंवा कांड्या ओल धरतात, किंवा त्या वाटीपर्यंत पोहोचतच नाहीत. हॉपर अर्ध्याहून अधिक भरलेले होते असे आपण लिहिले आहे, म्हणून तिसऱ्या शक्यतेचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका पहाटे माझ्या ग्रिलचा आकडा असाच उतरू लागला. हॉपरचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर कडेच्या कांड्या जशाच्या तशा उभ्या होत्या आणि मधोमध, ऑगरच्या बरोबर वर, विहिरीसारखी पोकळी पडली होती. तळाशी बोटभर भुसा होता आणि त्यात ऑगर नुसताच फिरत होता. त्या दिवसापासून लांबच्या स्वयंपाकात मी दर दीड-दोन तासांनी लाकडी उलथन्याने हॉपरमधल्या कांड्या मध्यभागी ओढतो आणि महिन्यातून एकदा हॉपर पूर्ण रिकामे करून तळाचा भुसा काढून टाकतो.

आपल्याकडे पुढे जे घडले ते असे असावे. विस्तव मंदावला, आकडा उतरला, आणि कंट्रोलरने आपल्या परीने योग्य तेच केले : तो अधिक कांड्या टाकत राहिला. पेटवणारी कांब अनेक ग्रिलांत सुरुवातीची काही मिनिटेच तापते, त्यामुळे नंतर पडलेल्या कांड्यांना पेटवायला तळाशी उरलेले एखाद-दुसरे निखारेच होते. वाटीत ढीग झाला, तो धुमसत राहिला, आणि मग सगळा ढीग एकदम पेटला. तो दाट पिवळट धूर म्हणजे न जळलेले ज्वलनशील वायू होते. अशा वेळी झाकण उघडले तर आत शिरलेल्या हवेने ते वायू भडकू शकतात. म्हणून असा धूर दिसताच झाकण उघडू नये, तोंड जवळ नेऊ नये, मुलांना दूर करावे. आत चरबीने पेट घेतला असे वाटले, तर ग्रिल बंद करून प्लग काढावा, झाकण बंदच ठेवावे, पाणी मुळीच टाकू नये, आणि आग आटोक्यात येत नसेल तर अग्निशमन दलाला बोलवावे.

धूर सुरू होण्याआधी, आकडा नुसता घसरत असताना लक्षात आले, तर मांस लगेच काढून घरातल्या ओव्हनमध्ये न्यावे. अर्धवट शिजलेले मांस ४० ते १४० अंशांच्या पट्ट्यात एकूण दोन तासांहून अधिक राहू देऊ नये, हा नियम येथे कसोशीने पाळावा. मग ग्रिल बंद करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे, जाळी आणि खालचा पत्रा काढून वाटीतल्या सगळ्या कांड्या आणि राख उपसावी, आणि मगच नव्याने पेटवावे. वाटी भरलेली असताना पुन्हा सुरू करण्याचे बटण दाबणे ही या यंत्राबाबतची सर्वांत धोक्याची चूक आहे. राख ओढायला व्हॅक्यूम वापरणार असाल, तर दुसऱ्या दिवशी वापरावा. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा कित्येक तास जिवंत राहतो.

कांड्या पारखणे सोपे आहे. चांगली कांडी वरून तुळतुळीत असते आणि बोटांत मोडली की कट्‌कन आवाज येतो. ओल धरलेली कांडी निस्तेज, फुगीर दिसते आणि चुरडून तिचा भुसा होतो. फोडलेली पिशवी अंगणात ठेवू नये, घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवावी. घर गरम करण्याच्या शेगडीसाठी विकल्या जाणाऱ्या कांड्या स्वस्त मिळाल्या तरी स्वयंपाकाला वापरू नयेत.

थंडीसाठी त्या-त्या मॉडेलकरिता मिळणारे उष्णतारोधक पांघरूण घ्यावे, पण धुराड्याचे तोंड मोकळे राहील हे पाहावे, आणि ग्रिल भिंतीपासून पुरेसे दूर पण वाऱ्याच्या आडोशाला ठेवावे. दार उघडे ठेवून ते गॅरेजमध्ये चालवण्याचा मोह अनेकांना होतो. कृपया तसे कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गॅरेजचे दार उघडे असणे हे त्यापासूनचे संरक्षण नव्हे.

प्रश्न : आमच्या ग्रिलच्या पडद्यावर २५० आकडा असतो, झाकणावरचा काट्याचा थर्मामीटर २२० दाखवतो आणि मी वेगळा विकत घेतलेला थर्मामीटर जाळीच्या डाव्या बाजूला २७० दाखवतो. यांपैकी कोणावर विश्वास ठेवावा?
— एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : तिन्ही बहुधा आपापल्या जागी खरे आहेत, कारण तिघेही वेगवेगळ्या जागेची हवा मोजत आहेत. संवेदक पेटीच्या भिंतीला असतो, काटा वर झाकणात असतो, आणि फायरपॉटच्या वरची किंवा पत्र्याच्या कडेची जागा जास्त तापते. अन्न ज्या जाळीवर आहे त्या जाळीवरचा आकडा कामाचा. पावाचे स्वस्त पांढरे काप सगळ्या जाळीभर मांडून ३५० अंशांवर दहा मिनिटे ठेवले, तर कोणता कोपरा अधिक तापतो याचा नकाशाच हाती येतो. तो एकदा पाहिला की जाड तुकडे कोठे आणि पातळ कोठे ठेवायचे हे ठरवता येते.

थर्मामीटर तपासायचा असेल, तर पेलाभर बर्फाचा चुरा घेऊन त्यात थोडेच पाणी घालावे, ढवळून थर्मामीटर मध्यभागी धरावा. तो ३२ दाखवायला हवा. उकळत्या पाण्याने तपासताना मात्र डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे हे विसरू नये. आपल्याकडे पाणी २१२ वर नव्हे, सुमारे २०२ वरच उकळते, आणि २०२ दाखवणारा थर्मामीटर तेथे अचूक असतो. बर्फाची कसोटी उतरली आणि तरीही पडद्यावरच्या आकड्यात व जाळीवरच्या आकड्यात मोठे अंतर राहिले, तर आधी संवेदकाच्या दांडीवर बसलेली काजळी ओल्या फडक्याने हलकेच पुसावी. ती दांडी चरबीने माखली की तापमानाची खबर तिला उशिरा लागते आणि हेलकावे वाढतात. मांसाचा तुकडा किंवा भरलेले भांडे तिला टेकत नाही ना, हेही पाहावे. ती थंड मांस मोजत राहिली तर कंट्रोलर निष्कारण कांड्या टाकत बसतो.

प्रश्न : भरतासाठी वांगी २२५ अंशांवर दीड तास ठेवली. ती मऊ झाली, पण गावाकडे चुलीत भाजलेल्या वांग्याचा करपलेला वास आला नाही. तापमान खालीवर होत होते, त्यामुळे असे झाले का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : येथे हेलकाव्यांचा दोष नाही, नेमलेला आकडाच कमी आहे. चुलीत वांग्याची साल निखाऱ्याला प्रत्यक्ष टेकते आणि करपते; पेलेट ग्रिलमध्ये जाळ पत्र्याखाली असतो आणि वांग्याला फक्त गरम हवा मिळते, म्हणून २२५ वर ते वाफवल्यासारखे होते. वांग्याला तेलाचा हात लावून आणि दोन ठिकाणी टोचून आधी २२५ वर अर्धा तास धूर द्यावा, मग ग्रिल ४५० वर न्यावे. आकडा तेथे पोहोचेपर्यंत झाकण उघडून पाहू नये, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की पेटी थंड होते, कंट्रोलर कांड्या टाकतो आणि नंतर आकडा नेमलेल्या रेषेपलीकडे उडी घेतो. काही ग्रिलांत तो पत्रा सरकवून थेट जाळ घेण्याची सोय असते. तशी असेल तर वांगी त्या जागेवर पाच-सात मिनिटे फिरवत राहावी. नसेल तर ओतीव लोखंडाचा तवा जाळीवर ठेवून ४५० वर वीस मिनिटे तापू द्यावा आणि त्यावर वांगी सगळ्या बाजूंनी दाबून काळी होईतो भाजावीत. मोठ्या आचेला लावण्यापूर्वी पत्र्यावरची जुनी चरबी खरवडून काढली आहे ना, हे अवश्य पाहावे.